चष्मा काढायचा म्हणता?

(सामुदायिक रेडिओवरील ‘आरोग्याच्या गप्पा’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

  स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर तव्यावर लक्ष असू द्या, भाकरी करपली तर दोष रेडिओवर यायचा.

मी जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. डॉक्टर नाही मी. डॉक्टरांनी तपासलं की माणसं माझ्या टेबलाशी येतात. ऑपरेशन म्हणजे नेमकं काय होणार, किती दिवस जपायचं, पैसे किती लागतील, हे सगळं मी त्यांना सांगते. कागदावर माझं पद समुपदेशक असं आहे. बाया म्हणतात, ‘त्या समजावणाऱ्या ताई’.

आज चष्मा घालवण्याच्या लेझर ऑपरेशनबद्दल बोलायचं आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशी एक मायलेकी आल्या होत्या, त्यांच्यापासूनच सुरुवात करते. मुलगी १९ वर्षांची, नंबर उणे साडेचार. आई बसता बसताच म्हणाली, “ताई, महिन्यानं साखरपुडा आहे. त्याच्या आत तेवढं लेझर मारून द्या.”

मी विचारलं, “मुलाकडच्यांना चष्मा माहीत आहे का?”

आई म्हणाली, “फोटो काढताना काढून ठेवला होता. बघायला आले तेव्हाही काढूनच ठेवला.”

इतका वेळ खाली मान घालून बसलेली मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “मावशी, मी पोहे घेऊन गेले खरी, पण मुलगा कसा आहे ते मला दिसलंच नाही.”

आम्ही तिघीही हसलो. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याचा चेहरा पोरीला धूसर दिसला, कारण आपण तिच्या नाकावरून चष्मा उतरवून ठेवला होता.

तिचं पुढं काय झालं ते सांगते. त्याआधी एक घोळ निस्तरू. ‘लेझर’ हा शब्द आपल्याकडे सगळ्यालाच वापरतात. सासूबाईंचं मोतीबिंदूचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं की आपण म्हणतो, लेझरनं केलं. बहुतेक वेळा त्यात लेझर नसतोच. बारीक छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडतात, ओढून काढतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू काढल्यावर वर्षा-दोन वर्षांनी परत धुरकट दिसायला लागलं तर आतली जाळी लेझरनं साफ करतात, ते वेगळं. साखरेच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावर लेझर मारतात, ते आणखी वेगळं, आणि ते नजर वाचवण्यासाठी असतं. ते सांगितलं असेल तर टाळू नका. मी आज बोलते आहे ते फक्त चष्म्याचा नंबर घालवण्याबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात आणि शिबिरात फुकट होतं. त्यावरून हेही फुकट असेल असं समजून लोक येतात आणि आकडा ऐकून गप्प होतात.

आता हे होतं कसं? डोळ्यात समोर काळं बुबुळ दिसतं ना, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पापुद्रा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात, मराठीत पारपटल. नेत्रदानात मुख्यतः हेच दुसऱ्याला बसवतात. बाहेरचा उजेड या काचेतून वळतो आणि आत पडद्यावर पडतो. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, म्हणून चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं. चष्म्याचं भिंग ते मागं सरकवतं. लेझर तेच काम पारपटलाचा बाक थोडा कमी करून करतो. चष्म्याची काच घासावी तशी डोळ्याचीच काच घासायची.

आणि ही काच असते तरी केवढी? मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर. पोरांच्या शाळेच्या पट्टीवर दोन बारीक रेघांमधलं अंतर बघा, त्याच्या निम्मी. एका नंबरासाठी त्यातला साधारण १२ ते १५ मायक्रॉन भाग काढावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच नंबर घालवायचा तर आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीइतका पापुद्रा जातो. गेलेला परत भरून येत नाही. म्हणून ज्याची काच मुळातच पातळ आहे किंवा नंबर फारच मोठा आहे, त्याला डॉक्टर नाही म्हणतात. मोठ्या नंबराला डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा दुसरा मार्ग असतो, पण तो आजचा विषय नाही.

या लेझरची एक गोष्ट मला फार आवडते. रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे शास्त्रज्ञ, जन्म मद्रासचा, १९२९ सालचा. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली तिथला थँक्सगिव्हिंगचा सण झाला. त्या सणाला टर्की नावाचा मोठा पक्षी शिजवतात. जेवणातून उरलेली हाडं-कुर्च्या घेऊन हे दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले आणि त्यावर एक्सायमर लेझर मारून पाहिला. बाजूचं काही न भाजता, न करपता सुरीनं कापावी तशी स्वच्छ खाच पडली. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पुढं माणसाच्या एका केसावर अशाच खाचा पाडून दाखवल्या. डोळ्याच्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि तिथून हे ऑपरेशन आलं. सणाच्या उष्ट्या हाडावरून! आपल्या घरात कुणी असं हाड पिशवीत घालून कामाला निघालं असतं तर आपण काय म्हटलं असतं, विचार करा.

तर त्या मुलीकडे परत येऊ. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि जुना कागद मागितला. वर्षभरापूर्वीचा नंबर होता पावणेचार. म्हणजे वर्षात पाऊण नंबर वाढला होता. डॉक्टर म्हणाले, “आत्ता नाही. नंबर थांबू दे, वर्षभरानं या.”

आई चिडली. माझ्यासमोर येऊन म्हणाली, “दुसरीकडे दहा मिनिटांत करून देतात, पेपरात जाहिरात आहे. तुम्हीच कसे नाही म्हणता?”

ऑपरेशन दहा मिनिटांचंच असतं, ते खोटं नाही. पण वाढत्या अंगाच्या पोरीला मापाचं पोलकं शिवलं तर ते किती दिवस बसणार? लेझर आज आहे तेवढा नंबर घालवतो. डोळा वाढायचा थांबला नसेल तर नवा नंबर येतोच. म्हणून वय १८ पूर्ण पाहिजे आणि निदान एक वर्ष नंबर स्थिर पाहिजे. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक चालत नाही. मैत्रिणींनो, यासाठी चष्म्याच्या नंबराचे कागद जपून ठेवा. आपण नवा चष्मा आला की जुना कागद चुलीत घालतो.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, की साखरपुड्याच्या आत करायचं म्हणून डोळा काही घाई करत नाही. आणि लग्नाच्या आधीच्या पंधरवड्यात तर हे ऑपरेशन करूच नये. हळद लागणार, पार्लरवाली डोळ्याला रंग लावणार, अक्षता तोंडावर येणार, होमाचा धूर, दोन रात्री झोप नाही. त्याच दिवसांत डोळ्याला पाणी लावायचं नाही, काजळ नाही, धूर नाही, चोळायचं नाही. जमेल का?

बाहेर जाताना मुलीनं माझ्याकडे वळून विचारलं, “मग मी सांगू का त्यांना?” मी म्हटलं, “तुझा चष्मा, तूच सांग.”

तिनं त्याच रात्री मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, “मला माहीत आहे. तुझ्या नाकावर दोन्ही बाजूंना वण होते.”

साखरपुड्याच्या फोटोत ती चष्म्यासकट आहे. मला तिनं नंतर मोबाईलवर दाखवला.

दीड वर्षानं ती परत आली, नवऱ्याबरोबर. नंबर थांबला होता. पण तिला तिसरा महिना होता. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना अंगातल्या बदलांनी नंबर थोडा हलतो, डोळेही कोरडे पडतात, वर औषधांचा प्रश्न. त्यामुळे तेव्हाही नाही. बाळाचं पाजणं सुटल्यावर काही महिन्यांनी या, असं सांगितलं. मला वाटलं, आता काही ही येत नाही. पण मागच्या वर्षी आली, आणि मग तिचं झालं.

खरं ऑपरेशन तपासणीच्या दिवशीच होतं असं मी म्हणते. त्या दिवशी दोन-तीन तास लागतात. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. पारपटलाची जाडी मोजतात, त्याचा चढउतार बघतात, नकाशावर डोंगर-दऱ्या रंगानं दाखवतात तसा डोळ्याचा रंगीत नकाशा निघतो. डोळ्यातला दाब बघतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओलावा येतो ते मोजतात. शेवटी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा तपासतात. या थेंबांनंतर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. एसटीची पाटीही नीट दिसायची नाही. म्हणून एकटीनं येऊ नका, आणि स्कूटीवर तर मुळीच नाही. डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या आधी एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते, कडक लेन्स असेल तर त्याहून जास्त. लेन्सनं काचेचा आकार बदलतो आणि मग माप चुकतं.

अंगात दुसरं काही असेल तर ते सांगा. ताब्यात नसलेली साखर, संधिवात, अंगावरच्या जखमा वाईट भरण्याची सवय, पूर्वी डोळ्यात झालेली नागीण, चालू असलेल्या गोळ्या. डोळ्याच्या डॉक्टरांना गुडघेदुखीचं काय सांगायचं, असं म्हणून बाया गप्प बसतात. पण संधिवाताच्या काही प्रकारांत डोळे कोरडे पडतात आणि जखम नीट भरत नाही. सांगा.

या तपासणीत एका मुलीचं जे निघालं ते मी विसरत नाही. वय २०, दोन वर्षांत तीनदा चष्मा बदललेला, तरी समाधान नाही. लहानपणापासून डोळ्याला खाज, सारखी चोळायची. नकाशात दिसलं की तिची काच खालच्या बाजूला पातळ होऊन शंकूसारखी पुढं आली आहे. याला केराटोकोनस म्हणतात. डोळे जोरजोरात चोळण्यानं तो वाढतो. अशा डोळ्यावर चष्म्याचं लेझर केलं असतं तर उरलीसुरली काचही दबली असती. तिच्या वडिलांनी गटाकडून आणि पाहुण्यांकडून पैसे गोळा करून आणले होते. त्यांना वाटलं, दवाखाना पैसे वाढवून मागतो आहे. समजावायला दोन तास गेले. शेवटी तिचं दुसरंच एक काम झालं, क्रॉसलिंकिंग. औषधाचे थेंब आणि विशिष्ट किरण वापरून काच घट्ट करतात, म्हणजे आजार पुढं सरकत नाही. चष्मा तसाच राहिला, पण नजर राहिली. तुमच्या घरात पोरं सारखे डोळे चोळत असतील आणि नंबर भराभर बदलत असेल तर लेझर करायचं असो नसो, एकदा त्यांचा तो नकाशा काढून घ्या.

तपासणीत सगळं ठीक निघालं तर डॉक्टर सांगतात, कुठला प्रकार करायचा. मुख्य तीन आहेत. एकात वरची नाजूक साल काढून लेझर मारतात. साल आपोआप परत येते, पण तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी वाहतं, आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात. दुसरा लॅसिक, जो जास्त ऐकू येतो. त्यात पारपटलाचा पातळ पदर कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर मारतात आणि पान परत मिटवतात. याला दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी बरंच दिसतं. तिसऱ्यात पान न उलटता आतल्या आत एक बारीक चकती कापतात आणि लहानशा छेदातून बाहेर ओढून काढतात.

जाहिरातीत तिसरा सगळ्यात भारी म्हणून सांगतात, पैसेही त्याचेच जास्त. खरं म्हणजे कुणाला कुठला ते डोळ्यावर आणि कामावरही अवलंबून आहे. तुम्ही गोठ्यात काम करता, धार काढता. म्हशीच्या शेपटीचा फटका डोळ्यावर बसणं आपल्याला नवं नाही. लॅसिकचं ते पान जोराच्या फटक्यानं पुढं कधीही सरकू शकतं. घरात कबड्डी, कुस्ती खेळणारी मुलगी असेल तिचंही तेच. डॉक्टरांना आपलं रोजचं काम सांगा. शहरातल्या डॉक्टरांना तुम्ही धार काढता हे आपण होऊन कळत नाही. पोलीस नाहीतर सैन्यात भरती व्हायचं असेल तर त्या भरतीचा डोळ्यांबद्दलचा नियम आधी वाचून घ्या, प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता प्रत्यक्ष दिवस. त्या मुलीचं लॅसिक झालं, तिनं सांगितलेलंच सांगते. आदल्या दिवशी न्हायची, काजळ-पावडर-अत्तर काही नाही. काजळ तर आठवडाभर आधीपासून बंद, पापणीच्या मुळाशी राहतं ते. सकाळी हलकं जेवून आली. भूल देत नाहीत, सुईही नाही. फक्त बधिर करण्याचे थेंब. तिला वाटत होतं, मी डोळा मिटला तर? मिटता येतच नाही, पापण्या उघड्या ठेवायला छोटी तार लावतात. वर एक लुकलुकणारा दिवा असतो, त्याच्याकडे बघत राहायचं. डोळा थोडा हलला तर यंत्र ओळखतं आणि थांबतं.

एक क्षण घाबरण्यासारखा असतो, तो आधी माहीत असलेला बरा. पान कापताना डोळ्यावर कडं दाबून बसवतात. तेव्हा डोळ्यावर जड दाब येतो आणि काही सेकंद अंधार होतो. काही दिसत नाही. आंधळी झाले की काय, असं वाटून काही जणी हात वर नेतात. नेऊ नका. सेकंद मोजा, उजेड परत येतो. मग टकटक असा आवाज आणि केस जळल्यासारखा वास. तो जळण्याचा वास नाही, लेझर भाजत नाही, पण वास तसाच येतो. एका डोळ्याला लेझर मिनिटाच्या आतच चालतो. दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटांत ती बाहेर आली.

बाहेर आल्यावर तिला धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. घड्याळाचे काटे मात्र दिसले, आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, रड, पण पुसू नकोस. त्यानंतर चार-पाच तास डोळ्यात कांदा कापल्यासारखी आग होते, पाणी येतं, वाळू गेल्यासारखं खुपतं. त्या दिवशी घरी जाऊन झोपायचं. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार झाकणं चिकटवायची, आठवडाभर, नाहीतर झोपेत हात जातो. बाळ शेजारी झोपत असेल तर ते वेगळं निजवा, त्याचा हात-पायही लागतो.

दुसऱ्या दिवशी तपासायला यायचंच असतं. इथंच आपल्या बाया चुकतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागतं, मग वाटतं झालं सगळं, एसटीचं भाडं कशाला घाला. पान जागेवर बसलं का, काही संसर्ग आहे का, हे यंत्रातूनच दिसतं. मग आठवड्यानं, महिन्यानं, तीन महिन्यांनी. गाव लांब असेल तर हे सगळे हेलपाटे आधीच खर्चात धरा.

जंतू न वाढण्याचे थेंब काही दिवस, सूज उतरण्याचे थेंब सांगतील तेवढे दिवस, आणि ओलाव्याचे थेंब काही महिने. सूज उतरण्याच्या थेंबांत स्टेरॉइड असतं. बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून परत परत तीच बाटली आणून टाकत राहू नका. त्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो दुखत नाही, कळत नाही.

आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. न्हाणं मान मागं करून, दुसऱ्या कुणाकडून. विहिरीत-नदीत पोहणं महिनाभर नाही. काजळ दोन आठवडे तरी नाही. चुलीपुढं बसायचं नाही, मळणीयंत्राजवळ जायचं नाही, मिरची कांडायची नाही. हे सांगताना मला कळतं की तुम्ही हसताय. चूल कोण पेटवणार? म्हणूनच मी ऑपरेशनच्या आधी सासूबाईंना किंवा नवऱ्याला बोलावून त्यांच्यासमोर सांगते. आठवडाभर स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नका. सुगीत तर घेऊच नका. त्या मुलीच्या घरी आठ दिवस सासऱ्यांनी भाकरी थापल्या. जाड होत्या म्हणे.

खुपतं म्हणून दूध, मध, तूप, गुलाबपाणी असलं काही डोळ्यात घालू नका. पहिला दिवस सरल्यावर दुखणं कमी होत गेलं पाहिजे. उलट वाढत असेल, डोळा लाल होत असेल, दिसणं कमी होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्या बाजारच्या दिवशी जाऊ, असं नाही.

पुढचे काही महिने काय वाटेल? डोळे कोरडे वाटतात, कारण काच कापताना तिच्यातल्या बारीक नसाही तुटतात. त्या परत येईपर्यंत डोळ्याला ओलावा कमी पडल्याचं कळत नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या आणि मोबाईल बघणाऱ्या जास्त तक्रार करतात. पापण्या मुद्दाम मिटायच्या, थेंब टाकायचे. रात्री गाडीच्या दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसतं. बहुतेकींचं तीन ते सहा महिन्यांत कमी होतं. काहींचं थोडं राहतं, काहींना कोरडेपणाही राहतो. थोडा नंबर उरणं किंवा काही वर्षांनी थोडा परत येणं हेही होतं. नजर कायमची जाणं फारच क्वचित, पण कधीच नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

खर्च दोन्ही डोळ्यांचा मिळून खाजगीत २०-२५ हजारांपासून सुरू होतो, प्रकाराप्रमाणे लाखाच्या पुढंही जातो. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि धर्मादाय दवाखान्यांत कमी लागतो, चौकशी करा. आरोग्य विमा असेल तरी साडेसातच्या आतल्या नंबराला तो साधारणपणे पैसे देत नाही. गटाचं कर्ज काढून करावं का, असं मला विचारतात. मी माझं मत सांगते, पटलं तर घ्या. नंबर मोठा आहे, चष्म्याशिवाय अंगणातली वाट दिसत नाही, शेतात घामानं चष्मा घसरतो, काम अडतं, आणि स्वतःला हवं आहे, तर विचार करण्यासारखं आहे. एक-दीड नंबर आहे आणि मुलाकडच्यांना चष्मा नको आहे, एवढ्यासाठी कर्ज काढू नका. शेळ्या घ्या.

आता जे जात नाही ते. लांबचं न दिसणाऱ्या मोठ्या नंबराच्या डोळ्याचा पडदा ताणलेला, नाजूक असतो. लेझरनं फक्त पुढची काच बदलते, मागचा पडदा होता तसाच राहतो. चष्मा नाही म्हणजे डोळा ठणठणीत, असं नाही. डोळ्यापुढं अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके-जाळ्या वाढल्या, बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर तातडीनं दाखवायचं. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचाच.

आणि कागद. ऑपरेशनच्या आधीचा नंबर, काचेचं माप, नकाशा, ही सगळी फाईल सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पेटीत ठेवा. हीच मुलगी साठीला आली की तिला मोतीबिंदू होईल. तेव्हा आत बसवायच्या भिंगाचं माप काढताना, पूर्वी लेझर झालेलं आहे हे डॉक्टरांना माहीत नसेल तर हिशेब चुकतो. चाळीस वर्षांनी कोण आठवणार? कागद आठवतो.

राहिला एक प्रश्न, जो मला रोज विचारतात. “ताई, तुम्ही दिवसभर हेच सांगता, मग तुमच्या नाकावर चष्मा कसा?”

माझा नंबर उणे दोन, वय ४६. चाळिशीनंतर डोळ्याच्या आतलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. ज्या चष्म्याला आपण चाळीशीच म्हणतो तो लागतो. लेझर केलं म्हणून ही चाळीशी टळत नाही. उलट माझ्यासारखीला गंमत अशी आहे की चष्मा काढला की जवळचं मला स्वच्छ दिसतं. सुईत दोरा ओवते, तांदळातला खडा दिसतो, औषधाच्या बाटलीवरची बारीक तारीख वाचते. लेझर करून घेतलं तर लांबचं दिसेल, पण हे सगळं जाईल आणि दोरा ओवायला चष्मा शोधावा लागेल. माझ्या आईला आजही मीच दोरा ओवून देते. म्हणून मी केलं नाही. पस्तिशी ओलांडलेल्या ज्या कुणी विचारात असतील त्यांनी हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण कुणी आपण होऊन सांगेलच असं नाही.

त्या मुलीचा परवा फोन आला होता. दिसतं छान म्हणाली, रात्रीचं खळंही गेलं. पण सकाळी उठल्यावर अजून हात उशाखाली जातो, चष्मा शोधायला.

तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून रेडिओच्या ताईंकडे द्या, पुढच्या वेळी आले की उत्तरं देते. नमस्कार.